वाव, थांग आणि ॲबिस : खोल समुद्रातल्या इंग्रजी शब्दांच्या प्रकल्प नोंदी

मालवण किनाऱ्यावरची जिल्हा परिषद शाळा. सहावी आणि सातवी मिळून १९ मुलं. बहुतेकांच्या घरी मासेमारी. मी सातारकडची, बदली होऊन इथे आले त्याला तिसरं वर्ष.

२३ जून २०२५, सोमवार

आज प्रकल्प सुरू केला. इंग्रजी शब्दसंग्रह, विषय खोल समुद्रातले जीव. गेल्या वर्षी प्राणीसंग्रहालय घेतलं होतं. झेब्रा, जिराफ, पेंग्विन सगळं पाठ झालं आणि दिवाळीच्या सुट्टीत विरून गेलं. यंदा ठरवलं की समुद्रच घ्यायचा. पण किनाऱ्याजवळचा नको. 'बोट', 'नेट', 'फिश' ह्या शब्दांत मुलांना नवं काही नाही. जिथे त्यांचे वडीलही कधी गेलेले नाहीत अशा पाण्यात उतरू.

चित्रांच्या पुस्तकातून ४२ शब्द काढले. कार्डशीटच्या पट्ट्या कापल्या. एका बाजूला शब्द, दुसऱ्या बाजूला मराठी अर्थ. मुलांनी वहीत उतरवून घेतले. अक्षर सुंदर आहे सगळ्यांचं.

१ जुलै, मंगळवार

वीस शब्दांची चाचणी घेतली. बहुतेकांचे चार-पाच बरोबर. 'जायंट', 'मॉन्स्टर', 'व्हॅम्पायर' राहिले, कारण ते कार्टूनमधून आधीच कानावर होते. 'ॲबिस', 'ट्रेंच', 'फॅदम', 'प्रे' सगळ्यांचे गेले. सातवीतल्या एका मुलीने 'फॅदम'समोर 'एक मासा' लिहिलंय.

दोष मुलांचा नाही. एका बाजूला इंग्रजी, दुसऱ्या बाजूला मराठी, मध्ये काहीच नाही. पट्ट्या कपाटात ठेवल्या.

३ जुलै, गुरुवार

आजचा तास मला बराच काळ आठवेल, म्हणून सविस्तर लिहिते.

चाचणीत सगळ्यांचा चुकलेला शब्द म्हणून 'फॅदम' फळ्यावर लिहिला. म्हटलं, हा मासा नाही, पाण्याची खोली मोजायचं माप आहे, सहा फूट, म्हणजे साधारण १.८३ मीटर. सहा फूट म्हणजे किती ते दाखवायला दोन्ही हात बाजूला पसरले. मागच्या बाकावरून तीच मुलगी, परवा मासा लिहिणारी, उठून उभी राहिली.

"बाईनू, ही तर आमची वाव! माझो आजो अशीच दोरी मोजता."

आणि तिने दोरी हातात धरल्यासारखे हात पसरले, मिटले, पुन्हा पसरले. एक वाव, दोन वाव. तिच्यामागून अर्धा वर्ग हात पसरून उभा. मला 'वाव' म्हणजे संधी, जागा एवढंच माहीत होतं. इथे पाणी वावेत मोजतात हे तीन वर्षांत मला कळलं नव्हतं, कारण मी कधी विचारलंच नव्हतं.

घरी येऊन कोश उघडले. फॅदमचा जुन्या इंग्रजीतला अर्थ पसरलेले हात, कवेत घेणं. आपली वाव संस्कृतातल्या 'व्याम'वरून आली, त्याचाही अर्थ पसरलेल्या दोन हातांमधलं अंतर. दोन शब्दांचा एकमेकांशी रक्ताचा संबंध नाही. दोन किनाऱ्यांवरच्या माणसांनी दोरी ओढताना एकच माप वापरलं, कारण ते अंगावरच होतं.

आणखी एक सापडलं. इंग्रजीत 'फॅदम' क्रियापद म्हणूनही येतं, एखादी गोष्ट पुरती उमगणं ह्या अर्थी. 'आय कॅन नॉट फॅदम इट.' मराठीत आपण काय म्हणतो? मला त्याचा थांग लागत नाही. थांग म्हणजेही पाण्याचा तळ!

४ जुलै, शुक्रवार

कालचं वाक्य वर्गाला दिलं. प्रत्येकाने एक वाक्य करायचं. सहावीतला एक मुलगा: 'आय कॅन नॉट फॅदम फ्रॅक्शन्स.' अपूर्णांकांचं त्याचं दुखणं जुनं आहे, पण वाक्य बिनचूक.

पद्धत बदलायची. आधी मुलांचा शब्द शोधायचा, मग त्याला इंग्रजी शब्द बांधायचा. ४२ शब्दांचा हट्ट सोडला.

७ जुलै, सोमवार

समुद्राचे थर घेतले. इंग्रजी नावं अशी: सनलाइट झोन २०० मीटरपर्यंत, ट्वायलाइट १,००० पर्यंत, मिडनाइट ४,००० पर्यंत, त्याखाली ॲबिस ६,००० पर्यंत, आणि त्याहून खोल चरांमधला हेडल.

ट्वायलाइटला मुलांनी 'संधिप्रकाश' हा पुस्तकी शब्द सांगितला. मी 'कातरवेळ' म्हटलं आणि चेहरे उजळले. घरोघर देवाजवळ दिवा लागतो ती वेळ. त्या थरात उजेड आहे, पण वनस्पतींना पुरेल इतका नाही.

मिडनाइटमध्ये तर नातेवाईकच निघाले. 'मिड' आणि 'मध्य' एकाच घरातले. 'नाइट' आणि संस्कृत 'नक्त' एकाच घरातले. नक्त कुणाला माहीत नसेल असं वाटलं, तर एकीची आजी श्रावणी सोमवारी नक्त करते, दिवसभर उपास आणि जेवण रात्री. मग मिडनाइट शिकवायला काही उरलंच नाही.

ॲबिस हा ग्रीक शब्द: 'अ' म्हणजे नाही, 'बिसॉस' म्हणजे तळ. फळ्यावर त्याच्याखाली लिहिलं: अ-तल. सप्तपाताळांतलं पहिलं. हेडलचं नाव हेडीसवरून, ग्रीकांचा मृतांचा लोक, जमिनीच्या पोटातला. एकाने लगेच 'पाताळ' म्हटलं. इथे मी स्पष्ट सांगितलं की पुराणातली तलं आणि समुद्राचे हे थर ह्यांचा संबंध नाही. आपल्या ऋषींनी समुद्राचे थर मोजले होते असं घरी जाऊन कुणी सांगू नये. नाव लक्षात राहायला खुंटी म्हणून तेवढं वापरायचं.

१० जुलै, गुरुवार, गुरुपौर्णिमा

वाव मोजणाऱ्या आजोबांना शाळेत बोलावलं. जुने तांडेल आहेत, म्हणजे होडीवरचे प्रमुख. मुलीने हाताला धरून आणलं. मुलांनी फूल दिलं, पाया पडली. मग आजोबांनी खांद्यावरची दोरी सोडली आणि वावेने मोजून दाखवली. हात पसरून छातीवरून दोरी घ्यायची, मिटायचे, पुन्हा पसरायचे. बघताना लय लागते. नांगराला काय लागून वर येतं त्यावरून खाली चिखल आहे की रेव हे ओळखतात, तेही सांगितलं.

मी त्यांना युरोपातल्या जुन्या जहाजांचं सांगितलं. दोरीला शिशाचं वजन, वजनाच्या बुडाला खळगा, खळग्यात चरबी भरलेली. तळाला टेकलं की तिथली वाळू चरबीला चिकटून वर येते. आजोबांनी मान डोलावली. ओळखीच्या गावची गोष्ट ऐकावी तशी.

मग चॅलेंजर जहाजाची गोष्ट. १८७२ ते १८७६ जगभरचे समुद्र मोजत फिरलं. १८७५ च्या मार्चमध्ये पॅसिफिक महासागरात मारियाना चराजवळ त्यांनी दोरी सोडली ती ४,४७५ फॅदम गेली. मी फॅदम म्हटलंच नाही, ४,४७५ वाव म्हटलं.

आजोबा गप्प. मग म्हणाले, "एवडी दोरी खय गावली त्येंका?" थोडं थांबून: "आणि थांग लागलो ह्यां कळला कसा?"

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. इतक्या लांब दोरीचं स्वतःचंच ओझं केवढं, खाली वजन टेकलं तर हाताला काय जाणवणार? ज्याने आयुष्यभर दोरी सोडली आहे त्यालाच सुचणारा प्रश्न. शोधून सांगते म्हटलं.

जाताना मुलांना 'साउंडिंग' हा शब्द दिला, खोली मोजणं. सांगितलं की साउंड म्हणजे आवाज, त्यावरूनच हा आला.

१४ जुलै, सोमवार

आधी माझी चूक दुरुस्त केली. खोली मोजण्याचा 'साउंड' आणि आवाजाचा 'साउंड' हे वेगळे शब्द आहेत. पहिला जुन्या फ्रेंचमधून आला, दुसऱ्याचं मूळ लॅटिन. स्पेलिंग एक झालं एवढंच. आवाज पाठवून खोली मोजायची युक्ती फार पुढची, आणि त्या युक्तीच्या 'सोनार' ह्या यंत्राच्या नावातला साउंड मात्र आवाजाचाच आहे. गुरुवारी घाईत अंदाजाने सांगितलं होतं. मुलांनी वहीतलं खोडून नीट लिहिलं.

आजोबांच्या प्रश्नाचं उत्तर: दोरीवर दर शंभर फॅदमला खूण असे आणि प्रत्येक खूण पाण्यात जायला किती वेळ लागतो ते घड्याळावर टिपत. दोरी जाण्याचा वेग एकदम मंदावला की तळ आला. उत्तर मुलीजवळ चिठ्ठीवर लिहून पाठवलं.

ह्या चुकीतून एक तक्ता तयार झाला. एका रकान्यात 'सख्खे' शब्द, मुळापासून नातं असलेले: नाइट–नक्त, मिड–मध्य. दुसऱ्यात 'मानलेले', नातं नाही पण विचार एक: फॅदम–वाव. तिसरा रकाना मुलांनी स्वतः मागून घेतला. एकाने 'डीप' आणि 'दीप' जोडी आणली होती, खोल पाण्यात दिवे असतात म्हणून. कल्पना फार गोड, पण नातं काहीच नाही. त्या रकान्याला नाव दिलं 'नुसता तोंडवळा'. साउंड आणि साउंडही तिथेच गेले.

१८ जुलै, शुक्रवार

धो धो पाऊस, दुपारी वीज गेली. अंधारात दिव्यांचा विषय काढला. 'बायोल्युमिनेसन्स', इंग्रजीत पंधरा अक्षरं. तोडून घेतला. 'बायो' बायोगॅसमधला, जीव. 'ल्युमिन' कुठे बघितलाय? कुणालाच येईना. कपाटातून एलईडी बल्बचा खोका काढला, त्यावर किती लुमेन ते छापलेलं असतं. लुमेन म्हणजे लॅटिनमध्ये उजेड. जिवाचा उजेड. तीन जणांनी पंधराच्या पंधरा अक्षरं न बघता लिहिली.

रात्री कधी कधी किनाऱ्यावर लाटा निळ्या चमकतात, त्या सगळ्यांनी पाहिल्या आहेत. तो सूक्ष्म जीव नॉक्टिल्युका. 'नॉक्ट' म्हणजे रात्र. नक्तचा आणखी एक सख्खा भाऊ तक्त्यावर चढला.

मग अँगलरफिश. 'अँगल' ह्या जुन्या इंग्रजी शब्दाचा अर्थ मासे धरायचा गळ, इथली गरी. मादीच्या कपाळावर काठी, काठीच्या टोकाला उजेड. तो उजेड बहुतेक जातींत तिथे वस्तीला असलेल्या जिवाणूंचा. उजेडाला भुलून मासा जवळ आला की गिळायचा.

"म्हंजे ती बसल्या जाग्यार गरवता!"

'अँगलर' शब्दाचं ह्याहून नेमकं भाषांतर मला सुचत नाही. ह्याच ओघात 'बेट' आणि 'लुअर' ह्यांतला फरक सांगितला: बेट खाता येतं, लुअर खोटं असतं. घरात गरी असलेल्या मुलांना हा फरक समजावून सांगावा लागला नाही, फक्त दोन शब्द हवे होते.

२४ जुलै, गुरुवार

पायांचा दिवस. 'ऑक्टोपस' फोडला: ऑक्टो म्हणजे अष्ट, पस म्हणजे पाद. दोन्ही तुकडे सख्खे. म्हणजे ऑक्टोपस आणि अष्टपाद हा एकच शब्द, दोन गावांत वाढलेला.

'ट्रायपॉड फिश'चं चित्र टीव्हीवर दाखवलं. परांचे तीन लांब काटे तळाला टेकवून हा मासा चिखलावर उभा राहतो आणि प्रवाहातून येणाऱ्या भक्ष्याची वाट बघतो. ट्रायपॉडला मुलांनी मराठी शब्द आपणहून दिला: तिपाई. आणि मुलांना सर्वांत आवडलेली गोष्ट ही की हा मासा आपल्या बोंबलाच्या गणातला आहे. रोज ताटात येणाऱ्याचा लांबचा भाऊबंद दोन-तीन हजार मीटरवर तिपाईसारखा उभा आहे, हे ऐकल्यावर सुट्टीची घंटा झाली तरी कुणी हललं नाही.

'आयसोपॉड' म्हणजे सारखे पाय, 'सेफॅलोपॉड' म्हणजे डोक्याला पाय. माकूल, म्हणजे स्क्विड, आणून दाखवायची होती, पावसाळी मासेमारी बंदीच्या दिवसांत मिळाली नाही.

२९ जुलै, मंगळवार

दाब. प्लॅस्टिकच्या बाटलीला वर, मध्ये, खाली भोकं पाडली. खालची धार सर्वांत लांब गेली. दर १० मीटरला एका वातावरणाएवढा दाब वाढतो. 'प्रेस', 'प्रेशर', 'कॉम्प्रेस', 'डिप्रेशन'. घरी प्रेशर कुकर आहे, खबरांत कमी दाबाचा पट्टा येतो, त्यामुळे हे कुटुंब चटकन जमलं.

ब्लॉबफिशवर मात्र वेळ दिला. २०१३ साली जगातला सर्वांत कुरूप प्राणी म्हणून त्याची निवड झाली होती. तो सुप्रसिद्ध फोटो दाखवला, मुलं 'अग्ली, अग्ली' म्हणून हसली. मग सांगितलं की तो फोटो पाण्याबाहेरचा आहे. शेकडो मीटर खोलीवरच्या दाबासाठी घडलेलं मऊ शरीर वर ओढून आणलं की असं होतं. आपल्या पाण्यात तो साधा, डोक्याने जरा मोठा मासा दिसतो. ज्या जागी तो राहतो तिथून उपटून, त्याची मोडतोड करून, वर त्यालाच कुरूप म्हणायचं हे मला पटत नाही, आणि मी ते मुलांना तसंच सांगितलं. कपाटातल्या 'अग्ली' आणि 'मॉन्स्टर' ह्या पट्ट्या मुलांनी बाजूला काढल्या. त्याऐवजी 'अडॅप्टेड' घेतला, म्हणजे राहत्या जागेशी जुळवून घेतलेला.

८ ऑगस्ट, शुक्रवार

बंदी ३१ जुलैला संपली, होड्या गेल्या. हजेरी कमी. आज नारळीपौर्णिमा.

'फोटोसिंथेसिस' पुस्तकात आहे. 'फोटो' म्हणजे उजेड हे आज कळलं म्हणून मुलांना नवल वाटलं. मग 'केमोसिंथेसिस'. १९७७ साली गॅलापागोसजवळ अल्विन पाणबुडीतून सुमारे अडीच हजार मीटरवर तळातल्या गरम पाण्याच्या भेगा सापडल्या, 'व्हेंट'. भोवती माणसाएवढे लांब नळीतले किडे, त्यांना ना तोंड ना आतडं. शरीरात राहणारे जिवाणू रसायनांपासून अन्न करतात, त्यावर हे जगतात. सूर्याशिवाय. 'व्हेंट'ला वर्गाच्या भिंतीतला वरचा व्हेंटिलेटर दाखवला.

'मरीन स्नो' जमला नाही. वरून सतत झिरपणारे मेलेल्या जिवांचे आणि विष्ठेचे कण, खालच्यांचं अन्न. पण मुलांनी बर्फ पडताना कधी पाहिलेला नाही, मीही नाही. पुन्हा घ्यायला हवा.

१८ ऑगस्ट, सोमवार

५ आणि ६ ऑगस्टला अटलांटिक महासागरात दोन भारतीय फ्रान्सच्या नॉटिल पाणबुडीतून एक ४,०२५ आणि दुसरे ५,००२ मीटरपर्यंत उतरले. आपल्या समुद्रयान मोहिमेची ही तयारी. चेन्नईत मत्स्य ६००० ही पाणबुडी बनते आहे, तीन माणसांना ६,००० मीटरपर्यंत नेण्यासाठी. बातमी वर्गात वाचली. ५,००२ मीटरचं मुलांनी फळ्यावर गणित केलं: २,७३५ वाव.

बातमीतला शब्द 'अक्वानॉट'. 'नॉट' म्हणजे ग्रीकमध्ये खलाशी. 'नेव्ही', 'नॉटिकल', 'नॅव्हिगेशन' आणि आपली नाव, नौका, नौदल हे सगळे एका मुळाचे. सख्ख्यांचा रकाना पुरेना, खाली कागद चिकटवला. ह्याच घरातला आणखी एक शब्द मुद्दाम शेवटी ठेवला होता: 'नॉशिया', मळमळ. मूळ अर्थ बोट लागणं. मला पहिल्या वर्षी सिंधुदुर्ग किल्ल्यावर जाताना काय झालं होतं ते मुलांना माहीत आहे.

वडिलांच्या ट्रॉलरवर फिश फाइंडर, म्हणजे आवाजाने मासे शोधणारं यंत्र, आहे असं एक मुलगा म्हणाला, त्यावरून सोनारकडे परत गेलो. दुसऱ्या महायुद्धात सोनारला दिवसा शेकडो मीटरवर एक तळ दिसायचा आणि रात्री तोच वर सरकायचा. तो तळ नव्हताच. दिवसा खोल राहून रात्री चरायला वर येणारे लँटर्नफिश आणि इतर जीव, इतके दाट की आवाज त्यांच्यावरूनच परतायचा. 'फॉल्स बॉटम'. मुलांचा शब्द: खोटो थांग.

२२ ऑगस्ट, शुक्रवार

गणपतीच्या सुट्टीआधीचा शेवटचा मोकळा तास. दोरी लावली.

आजोबांनी दिलेली सहा वाव दोरी व्हरांड्याच्या भिंतीवर आडवी ताणली. एक मीटर दोरी म्हणजे एक किलोमीटर समुद्र. सर्वांत खोल जागा, चॅलेंजर डीप, सुमारे १०,९०० मीटर, ५,९६० वाव, म्हणजे बरोबर दोरीच्या टोकाला. मुलांनी पट्ट्या आपापल्या खोलीवर दोऱ्याने बांधल्या. ह्या वेळी पट्टीच्या मागे अर्थ लिहिलेला नाही.

सनलाइट झोन दोरीवर २० सेंटिमीटर निघाला. मालवणी मुलाची वीतसुद्धा पुरी नाही. ज्या समुद्रावर गाव जगतं तो सगळा त्या विती एवढ्या दोरीत आहे, हे पाहिल्यावर मुलं वीत लावून लावून बघत राहिली. मीही लावली.

आठ मीटरच्या पुढे ८,३३६ वर स्नेलफिश. २०२२ मध्ये जपानजवळच्या चरात चित्रित झालेला. त्याच्यापुढे अडीच मीटर दोरी रिकामी. तिथे मासे नाहीत, पण काहीच नाही असं नाही, म्हणून एक नवी पट्टी मी बांधली, आधी न सांगितलेली: 'ॲम्फिपॉड'. कोळंबीसारखा दिसणारा छोटा जीव, अगदी तळाशीही सापडतो.

वाववाली मुलगी पट्टीपाशी आली. इंग्रजी अक्षरं बोटाने एकेक करत वाचली. शेवटच्या तीन अक्षरांवर थांबली.

"बाईनू, ह्याका पाय आसत."

'ॲम्फी' सुट्टीनंतर.